देवमाशासमोर पाण्यात उतरताना: नव्या डायव्हरसाठी

तारकर्लीला, गोव्यात किंवा अंदमानात स्कूबा शिकून आलेला डायव्हर थोडा सरावला की एक प्रश्न हमखास विचारतो: पाण्याखाली देवमासा कुठे पाहायला मिळेल? या प्रश्नाचे खरे उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. ज्या मोजक्या ठिकाणी देवमाशांसोबत पाण्यात उतरायला कायद्याने मुभा आहे, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी सिलिंडर चालत नाही. दक्षिण प्रशांत महासागरातील टोंगा या देशात आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या उत्तरेला असलेल्या सिल्व्हर बँक या उथळ सागरी अभयारण्यात हम्पबॅक देवमासे पाहायचे, तर मास्क, स्नॉर्केल आणि फिन्स एवढ्यावरच पृष्ठभागावर तरंगत राहावे लागते. स्कूबा करताना देवमासा भेटतो तो योगायोगाने. तो योग जुळवून आणता येत नाही, मात्र तो आलाच तर काय करायचे आणि काय करायचे नाही हे आधी शिकून ठेवता येते. म्हणून या लेखात आधी ठरवून घेतलेल्या भेटीविषयी आणि नंतर अवचित घडणाऱ्या भेटीविषयी लिहिले आहे.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करतो. व्हेल शार्क हा देवमासा नव्हे. तो मुशीच्या कुळातला, कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा आहे आणि मालदीवसारख्या ठिकाणी तो पुष्कळांना दिसतो. देवमासा सस्तन आहे; त्याला श्वासासाठी वर यावेच लागते, आणि त्याच्याशी पाण्यात कसे वागायचे याचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

सिलिंडर का नको, हे समजून घेतले तर तो नियम जाचक वाटत नाही. पहिले कारण बुडबुड्यांचे आहे. हम्पबॅक स्वतः बुडबुडे वापरतात: अन्नाच्या प्रदेशात ते माशांच्या थव्याभोवती बुडबुड्यांचे जाळे विणतात, आणि विणीच्या प्रदेशात मादीच्या मागे लागलेले नर एकमेकांसमोर बुडबुड्यांची लांबलचक रेघ सोडून दमदाटी करतात. रेग्युलेटरमधून दर चार-पाच सेकंदांनी आवाजासह सुटणारा बुडबुड्यांचा लोट त्या प्राण्याला काय सांगत असेल, याची खात्री आपण देऊ शकत नाही. दुसरे कारण आपल्या स्वतःच्या जिवाचे आहे. देवमासा पृष्ठभागावर श्वास भरून खाली जातो. दाबाखाली त्याची छाती दबते, फुप्फुसे आकसतात, आणि वर येताना ती हवा फार तर मूळ आकारमानाला परतते. आपण मात्र खोलीवर दाबाखालची हवा भरून घेत असतो. 10 मीटरवर भरलेला श्वास रोखून कोणी पृष्ठभागाकडे निघाला तर ती हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. देवमासा एका शेपटाच्या फटक्यात जी खोली बदलतो, ती बदलताना डायव्हरला मिनिटाला 9 मीटरच्या मर्यादेत वर यावे लागते. त्याच्यामागे जाणे म्हणजे ही मर्यादा विसरणे, आणि समोर एवढा मोठा प्राणी असताना ती विसरायला क्षणही लागत नाही.

पहिली पायरी ठिकाण निवडण्याची. नवख्या माणसाला मी टोंगा सुचवतो, आणि त्याचे कारण तिथले नियम. या देशात 1978 साली राजे तौफाआहाऊ तुपोऊ चौथे यांच्या आज्ञेने देवमाशांची शिकार थांबली, आणि आज तिथे याच प्राण्यांभोवती पर्यटन उभे आहे. अंटार्क्टिकच्या पाण्यात उन्हाळाभर क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) खाऊन पुष्ट झालेले हम्पबॅक जुलै ते ऑक्टोबर या काळात उत्तरेला येऊन वावाऊ बेटांच्या आडोशाच्या पाण्यात पिल्लांना जन्म देतात. परवानाधारक बोटीवरूनच पाण्यात उतरता येते, आणि एका वेळी पाण्यात चारच पाहुणे आणि एक मार्गदर्शक असतात. हंगामाच्या सुरुवातीला गाणारे नर आणि मादीमागे धावणाऱ्या नरांच्या झुंडी अधिक दिसतात. ऑगस्टच्या मध्यानंतर आई-पिल्लांच्या जोड्या वाढतात, आणि सप्टेंबरात थोडी मोठी झालेली पिल्ले जास्त चौकस असतात. ज्याला एकदाच जायचे आहे त्याने सप्टेंबर निवडावा. मुंबईहून फिजी किंवा ऑकलंडमार्गे टोंगाची राजधानी नुकुआलोफा, तिथून छोट्या विमानाने वावाऊ, असा हा प्रवास लांबचा आणि खर्चाचा आहे. म्हणून तिथे समुद्रावर किमान चार दिवस मिळतील असेच नियोजन करावे, कारण वारा आणि लाटांमुळे एखादा दिवस जातोच, आणि एखाद्या दिवशी देवमासे दिसूनही कोणी थांबत नाही.

इतर ठिकाणांविषयी थोडक्यात. सिल्व्हर बँकेत जानेवारी ते एप्रिल असा हंगाम असतो आणि मुक्कामाच्या बोटीवरच राहावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात जून-जुलैमध्ये ड्वार्फ मिंकी नावाचे, जेमतेम आठ मीटरपर्यंत वाढणारे देवमासे स्वतःहून बोटीपाशी येतात. तिथे पोहणारे बोटीला बांधलेला दोर धरून पाण्यात तरंगतात आणि जवळ यायचे की नाही ते मिंकी ठरवतात. मला ही पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते. डॉमिनिका या कॅरिबियन बेटावर स्पर्म व्हेल आहेत, परंतु तिथे विशेष परवाना लागतो आणि ते नवख्यांचे काम नव्हे. श्रीलंकेतील मिरिस्सा हे आपल्याला जवळचे. तिथे डिसेंबर ते एप्रिल निळे देवमासे दिसतात, पण ते बोटीवरून पाहायचे, पाण्यात उतरायचे नाही. कोणी दलाल हळू आवाजात वेगळे काही सुचवू लागला तर त्याच्या बोटीवर पाऊल ठेवू नये.

दुसरी पायरी तयारीची, आणि ती घरापासून सुरू होते. मालवणच्या समुद्रात प्रशिक्षकाने सिलिंडरला धरून पंधरा-वीस मिनिटे फिरवून आणले, त्याला स्कूबाचा अनुभव म्हणता येईल, प्रशिक्षण नाही. शिवाय इथे स्कूबापेक्षा पोहण्याचा कस लागतो. खोल, निळ्या, तळ न दिसणाऱ्या पाण्यात बोटीपासून दूर, लाटांवर अर्धा तास स्नॉर्केलने शांतपणे श्वास घेता आला पाहिजे. त्यासाठी तलावात फिन्स घालून सलग 400 ते 500 मीटर पोहण्याचा सराव दोन-तीन महिने करावा. पाय पाण्याबाहेर न काढता, पाणी न उडवता फिन्स मारायला शिकावे, कारण पृष्ठभागावरचा फटफटाट पाण्याखाली दूरवर जातो. मास्कमध्ये शिरलेले पाणी डोके वर न काढता बाहेर टाकता यावे. स्नॉर्केलमध्ये पाणी शिरले की जो घाबरून उभा राहण्याचा प्रयत्न करतो, त्याने अजून तलाव सोडू नये. कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद असतो, त्यामुळे सप्टेंबरात जाणाऱ्याने समुद्रातला सराव मे महिन्याच्या आत उरकलेला बरा. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवावी. वावाऊत दिवसाचे सहा-सात तास होडीतच जातात.

साहित्यात तीन गोष्टींवर पैसे खर्च करावेत: आपल्या चेहऱ्याला नीट बसणारा मास्क, पाय न सोलणारे फिन्स आणि चांगला वेटसूट. हंगामात तिथले पाणी 23 ते 26 अंश सेल्सिअस असते. मुंबईकराला हे आकडे उबदार वाटतात, परंतु हालचाल न करता तरंगत राहिल्यावर आणि ओल्या अंगाने वाऱ्यात बसल्यावर दुसऱ्या फेरीपर्यंत दात वाजू लागतात. पाच मिलिमीटरचा सूट असावा. त्याच्या तरंगण्याचा फायदाच होतो, कारण इथे खाली जायचेच नाही. कॅमेरा असेल तर रुंद भिंगाचा. लांब काठीला लावलेला कॅमेरा देवमाशापुढे खुपसू नये आणि फ्लॅश वापरू नये. माझा सल्ला असा की पहिल्या दिवशी कॅमेरा बोटीतच ठेवावा. कॅमेऱ्याच्या छोट्या चौकटीत डोळे घातलेला माणूस आपण किती जवळ गेलो हे पाहत नाही, आणि शेपटाकडे तर मुळीच पाहत नाही.

सकाळी स्कूबा आणि दुपारी देवमासे असा बेत वावाऊत अनेकांना सुचतो, कारण तिथल्या गुहा आणि प्रवाळ उत्तम आहेत. हा बेत उलटा करावा किंवा दिवस वेगळे ठेवावेत. स्कूबानंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडत असतो. त्या अवस्थेत श्वास रोखून खाली-वर बुड्या मारल्या तर डीकम्प्रेशन आजाराचा धोका वाढतो, आणि देवमासा खाली दिसला की बुडी मारण्याचा मोह आवरत नाही. त्याचप्रमाणे अनेक दिवस स्कूबा केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास जावे लागतात, आणि हा नियम वावाऊहून सुटणाऱ्या छोट्या विमानालाही लागू आहे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष भेटीची. आधी दूरवर उच्छ्वासाचा फवारा दिसतो. देवमासा बुडी मारून गेल्यावर पृष्ठभागावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल राहतो; तो त्याच्या शेपटाने वर ढकललेल्या पाण्याचा असतो आणि देवमासा कोणत्या दिशेने गेला हे त्यावरून अनुभवी माणसाला कळते. बोट लगेच जवळ जात नाही. कप्तान आणि मार्गदर्शक बराच वेळ दुरून पाहतात: जोडी प्रवासात आहे की विश्रांतीत, बोट जवळ आल्यावर वेग बदलते का, श्वासांमधले अंतर किती आहे. नवख्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, परंतु याच वेळात भेट होणार की नाही हे ठरते. आई विश्रांती घेत असेल तर ती एका जागी 10 ते 20 मिनिटे खाली स्थिर राहते, आणि पिल्लू मात्र दर तीन-चार मिनिटांनी श्वासासाठी वर येऊन, एक गोल चक्कर मारून पुन्हा आईच्या हनुवटीखाली जाते. अशी लय दिसली तरच मार्गदर्शक उतरायला सांगतो.

उडी मारायची नाही. बोटीच्या कडेवर बसून, पाय आत सोडून, आवाज न करता घसरायचे. मार्गदर्शकाच्या मागे एका ओळीत किंवा एका घोळक्यात राहायचे, म्हणजे देवमाशाला चार दिशांना चार माणसे दिसण्याऐवजी एकच आकृती दिसते. त्याच्या समोरून किंवा थेट मागून कधीही जायचे नाही. बाजूने, त्याच्या डोळ्याला आपण दिसू अशा बेताने जायचे आणि मार्गदर्शक थांबला की थांबायचे. तिथून पुढे जे अंतर कमी होईल ते देवमाशाने कमी करावे. आई आणि पिल्लू यांच्या मध्ये कोणत्याही परिस्थितीत जायचे नाही, आणि पिल्लाच्या मागे पोहत जायचे नाही. जन्मतःच चार मीटरच्या आसपास लांब आणि सुमारे टनभर वजनाचे हे बाळ कुतूहलापोटी अगदी तुमच्या मास्कपर्यंत येऊ शकते, आणि त्याला अजून आपल्या शेपटाचा अंदाज आलेला नसतो. तसे झाले तर हात छातीशी घेऊन, हळूहळू मागे सरकायचे. स्पर्श करायचा नाही; पिल्लाने केला तरी आपण करायचा नाही.

इतके जपायचे कारण भावनिक कमी आणि हिशेबाचे जास्त आहे. टोंगाच्या पाण्यात आईला खायला जवळजवळ काहीच मिळत नाही. अंटार्क्टिकमध्ये साठवलेल्या चरबीवरच ती प्रसूती, दूध आणि परतीचा हजारो किलोमीटरचा प्रवास निभावते. तिला विश्रांतीतून उठवून पळवत नेले तर तो खर्च तिच्या दुधातून वजा होतो. म्हणून ती दूर वळली, तिने वेग वाढवला, ती पिल्लाच्या आणि तुमच्या मध्ये आली किंवा शेपूट पाण्यावर आपटू लागली, तर भेट संपली असे समजावे आणि बोटीकडे परतावे. या खुणा दुर्लक्षिण्याची किंमत माणसानेही मोजली आहे. 2020 च्या ऑगस्टमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील निंगालू येथे पिल्लाला पाठीशी घालणाऱ्या आईचा फटका बसून पोहणाऱ्या एका तरुणीच्या बरगड्या मोडल्या. तो प्राणी हल्ला करत नव्हता. 12 ते 15 मीटर लांबीचे आणि पंचवीस-तीस टन वजनाचे शरीर वळवत होता.

एका मादीमागे अनेक नर धावत असतील, तर ते दृश्य बोटीवरूनच पाहावे. मार्गदर्शकाने परवानगी दिली तरी पहिल्या वर्षी नको म्हणावे.

गाणाऱ्या नराची गोष्ट निराळी. तो डोके खाली करून, साधारण 15 ते 25 मीटरवर लटकत, दहा-पंधरा मिनिटे गातो. वर तरंगणाऱ्याला तो खालच्या निळाईत अंधूक आकृतीसारखा दिसतो, परंतु त्याचा आवाज कानाने ऐकण्याआधी छातीत जाणवतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे आपल्या दोन कानांना दिशा ओळखता येत नाही आणि गाणे सर्व बाजूंनी येते आहे असे वाटते. हे गाणे ठरावीक ओळींचे, पुन्हा पुन्हा म्हटले जाणारे असते, हे रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे या संशोधकांनी 1971 साली दाखवून दिले. पुढे असेही दिसून आले की दक्षिण प्रशांतात गाण्याच्या नव्या चाली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याकडून पूर्वेकडे, बेटागणिक पसरत जातात. घराण्याची चीज शिष्यपरंपरेने गावोगाव जावी, तसेच काहीसे.

आता स्कूबा करताना घडणाऱ्या अवचित भेटीविषयी. तिचा सर्वांत संभवनीय प्रकार म्हणजे देवमासा ऐकू येणे. हवाईत फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रवाळावर डायव्ह करताना हम्पबॅकचे गाणे बहुतेक वेळा ऐकू येते, दिसत मात्र कोणी नाही. तिथे हम्पबॅकच्या 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 90 मीटरच्या आत जाण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ऑस्ट्रेलियातही, परवानाधारक सहली सोडल्या तर, पोहणाऱ्याने देवमाशाच्या 100 मीटरच्या आत पाण्यात उतरायचे नसते. आपल्याकडेही हे अगदीच अशक्य नाही. अरबी समुद्रातील हम्पबॅकचा एक लहान गट स्थलांतर करून ध्रुवाकडे जातच नाही. त्यातील लुबान नावाची मादी 2017 च्या अखेरीस ओमानच्या किनाऱ्यापाशी उपग्रह-टॅग लावल्यानंतर समुद्र ओलांडून गोव्याच्या दिशेने आली आणि पुढे कन्याकुमारीकडे गेली. गोव्याच्या किनाऱ्याजवळ ध्वनिमुद्रित झालेल्या हम्पबॅकच्या गाण्यावरील शोधनिबंध 2018 साली प्रसिद्ध झाला. सिंधुदुर्गच्या समुद्रात ब्रायडीज व्हेल या जातीचे देवमासे आहेत, आणि 2015 साली तिथे निळे देवमासेही नोंदले गेले. कोकणात देवमासा म्हटले की अलीकडे लोकांना ‘व्हेलची उलटी’ आणि पोलिसांचे छापेच आठवतात, हे दुर्दैव. किनाऱ्यापासून काही मैलांवर जिवंत देवमासे आहेत ही बातमी त्याहून मोठी आहे.

डायव्ह चालू असताना देवमासा खरोखरच समोर आला, तर क्रम असा ठेवावा. प्रथम जिथे आहात तिथे थांबा आणि खोली कायम राखा. प्रवाळाची भिंत किंवा तळ जवळ असेल तर त्याच्या बाजूला सरका, पण प्रवाळाला धरू नका. लगेच बडीला, म्हणजे आपल्या जोडीदार डायव्हरला, शोधून हाताच्या अंतरावर या, कारण अशा वेळी दोघेही एकाच दिशेला पाहत एकमेकांपासून लांब जातात. मग डाइव्ह कॉम्प्युटर आणि हवेचा काटा पाहा, आणि हे दर मिनिटाला पुन्हा करा. उत्तेजित माणूस दुप्पट हवा वापरतो. श्वास रोखू नका. बुडबुडे कमी व्हावेत या सद्भावनेने अनेक जण नेमके हेच करतात. लक्ष वेधण्यासाठी सिलिंडरवर ठोकू नका. प्राणी खोल जाऊ लागला तर तुमच्या प्रमाणपत्राची मर्यादा, मग ती 18 मीटर असो वा 30, हीच तुमची जमीन समजा. निळ्या पाण्यात तळ दिसत नसल्याने दहा मीटर खाली गेल्याचे डोळ्यांना कळत नाही, कॉम्प्युटरलाच कळते. देवमासा तुमच्या डोक्यावर असेल तर वर निघू नका, तो पुढे जाईपर्यंत थांबा. नंतर नेहमीप्रमाणे पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घ्या, सिग्नलचा फुगा आधी वर सोडा आणि मगच पृष्ठभागावर या, कारण देवमासा पाहायला धावलेल्या बोटी आता तुमच्या डोक्यावर असू शकतात.

माशांचा दाट थवा गोळा होऊन गरगर फिरत असेल आणि वरून पक्षी सूर मारत असतील, तर मात्र थांबू नये. बडीसह लगेच तिथून बाजूला व्हावे. देवमासा जबडा उघडून आत घुसतो तेव्हा त्याला समोरचे काही दिसत नाही. 2021 च्या जूनमध्ये अमेरिकेतील केप कॉडजवळ मायकेल पॅकर्ड हा लॉबस्टर पकडणारा डायव्हर सिलिंडरसकट हम्पबॅकच्या तोंडात गेला आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास आत राहून बाहेर फेकला गेला. हम्पबॅकचा घसा माणूस गिळण्याइतका रुंद नसतो, त्यामुळे तो वाचला. पण ज्या पाण्यात देवमासा जेवतो आहे ते आपले नव्हे, एवढे त्यावरून नक्की ठरते.

जाळ्यात अडकलेला देवमासा दिसला तर सुरी काढून मदतीला जाऊ नये. घाबरलेल्या प्राण्याभोवतीच्या दोऱ्यांत आपणच अडकतो. जागा नोंदवून वर यावे आणि कळवावे. महाराष्ट्रात हे काम वन विभागाचा कांदळवन कक्ष पाहतो, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत देवमासे असल्याने त्यांना छेडणे हा गंभीर मामला आहे.

बोटीवर परतल्यावर, अंग पुसण्याआधीच, तारीख, वेळ, होडीच्या जीपीएसवरील अक्षांश-रेखांश, किती प्राणी होते आणि पिल्लू होते का, एवढे लिहून ठेवावे. हम्पबॅकच्या शेपटाच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे ठसे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे वेगवेगळे असतात. म्हणून बुडी मारताना शेपूट उभे राहिले असता बोटीवरून मागच्या बाजूने घेतलेला, शेपटाची मागची दातेरी कडा पूर्ण दिसणारा फोटो संशोधकांना सर्वाधिक उपयोगी पडतो. असे फोटो हॅपीव्हेल या संकेतस्थळावर दिले की तोच प्राणी याआधी कुठे दिसला होता हे जुळवता येते. फोटो कापून, रंग वाढवून देऊ नये. मूळ फोटोच द्यावा.